‘पोटखराबा’ म्हणून टाकून दिलेला सडा आणि त्याच्या पोटातले पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २ ऑक्टोबरला कोकणात गावोगावी ग्रामसभा होतील. त्यानंतर चारच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय भूवैविध्य दिन येतो. २०२२पासून तो जगभर पाळला जातो. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे आपल्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या मते संबंध आहे, आणि तो सातबाऱ्यावरच्या एका शब्दात आहे: पोटखराबा.

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळमाळावरच्या, कुठल्याही सर्व्हे नंबरचा उतारा काढून पाहा. बरेचसे क्षेत्र ‘पोटखराबा वर्ग अ’ म्हणून दाखवलेले असते. लागवडीला निरुपयोगी, म्हणून आकारणी नाही. महसुलाच्या हिशेबाने यात चूक काही नाही. जिथे नांगर चालत नाही तिथे सारा कसला? पण सारा नाही म्हणजे किंमत नाही असा अर्थ हळूहळू सगळ्यांनीच करून घेतला. जमीनमालकाने घेतला, ग्रामपंचायतीने घेतला, चिरेखाणवाल्याने घेतला आणि नकाशावर प्रकल्पाची चौकट आखणाऱ्यानेही घेतला. ‘सड्यावर आहे काय? नुसता कातळ!’ हे वाक्य कोकणात लहानपणापासून कानावर पडते.

भूवैविध्य म्हणजे काही अवघड गोष्ट नव्हे. एखाद्या मुलखात किती तऱ्हेचे खडक, खनिजे, माती, जमिनीचे आकार आणि पाण्याच्या वाटा आहेत, आणि हे सारे कशामुळे घडले, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाबतीत आपली किनारपट्टी श्रीमंत आहे. उत्तर आणि मध्य कोकणात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. सिंधुदुर्गात उतरले की त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. मालवणकडे क्वार्टझाइट, कासार्डे परिसरात काचेला लागणारी सिलिका वाळू, कणकवलीजवळ वागदे-जानवलीत क्रोमाइट, रेडीला लोहखनिज. पालघरच्या कोकनेरेपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात गरम पाण्याचे झरे अठरा ठिकाणी आहेत. रत्नागिरी शहरात तर काळा समुद्र आणि पांढरा समुद्र हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मांडवीची वाळू काळी का, याचे उत्तर तिच्यातल्या इल्मेनाइट-मॅग्नेटाइटच्या जड कणांत आहे. ही यादी आणखी लांबवता येईल. पण या पत्राचा मुद्दा जांभ्याचा, म्हणजे सड्याच्या तांबड्या दगडाचा आहे, कारण रोजच्या पाण्याचा संबंध त्याच्याशी आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत.

सड्याच्या कडेला खणलेली एखादी न बांधलेली विहीर वरून खाली नीट पाहिली तर सगळा मामला समजतो. सर्वांत वर काळपट, टणक कवच असते. पहार मारली तर ठण्ण आवाज येतो. त्याखाली लालसर, भोकाभोकांचा जांभा. बांधकामाचा चिरा निघतो तो याच थरातून. आणखी खाली गेले की जांभा मऊ होत जातो, त्यात पिवळे-पांढरे डाग वाढतात, आणि मग पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते. बोटांत चोळली की ती साबणासारखी निसटते. त्याखाली कुजलेला आणि शेवटी सलग काळा पाषाण. वरचे सगळे थर या पाषाणापासूनच झालेले आहेत. उष्ण, दमट हवेत पाण्याने त्यातले विरघळण्याजोगे घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचा.

फुटलेला चिरा हातात घेऊन पाहावा. त्यात गांडुळाने पोखरल्यासारख्या नळ्या दिसतात, काही मोकळ्या, काहींत पिवळी माती. पावसाचे पाणी या नळ्यांतून आणि कातळाच्या भेगांतून खाली जाते, चिकणमातीवर अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, जिथे तो थर उघडा पडतो तिथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातल्या जुन्या वाड्या, देवळे आणि पाणवठे सड्याच्या माथ्यावर न बसता त्याच्या कडेखाली एका ओळीत का वसले, याचे कारण हेच. जुन्या लोकांनी चिकणमातीची ही रेघ कुठल्याही नकाशाशिवाय ओळखली होती.

आता थोडा हिशेब. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एक एकर सड्यावर सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी. त्यातले बरेच व्हाळावाटे, म्हणजे ओढ्यावाटे, खाडीला जाते. प्रश्न उरलेल्याचा आहे. एक एकर क्षेत्रात वीस फूट जाडीचा जांभा धरला तर त्याचे घनफळ सुमारे ८,७१२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होते. त्यात वाहत्या पाण्याला उपयोगी अशी पोकळी दहा टक्के गृहीत धरली (ठिकाणानुसार हे कमीजास्त होईल), तरी एका भरण्यात साडेचोवीस लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे सुमारे २४५ टँकर. हाच जांभा चिऱ्याच्या मापात मोजला तर चौदा बाय नऊ बाय सात इंचाचे ब्रासला जेमतेम १९६ चिरे, आणि कापताना वाया जाते ते वेगळे. चिऱ्याला बाजारात दर आहे, स्वामित्वधनाची पावती आहे. टँकरचेही बिल निघते. पण मूळचे पाणी कुठल्याच वहीत नाही.

यावर खाणवाल्यांचे ठरलेले उत्तर असते: ‘खाणीत तर उलट जास्त पाणी साठते!’ हे म्हणणे खोटे नाही, अर्धवट आहे. वीस फुटी खड्डा जांभ्यापेक्षा दसपट पाणी धरतो, कबूल. पण खाण थेट चिकणमातीपर्यंत नेली तर तळ बंद होतो. यंत्राच्या करवतीची भुकटी आणि गाळ त्यावर बसून तो आणखी घट्ट होतो. असे पाणी खड्ड्यात गढूळ पडून राहते, एकरामागे उन्हाळ्यात रोज वीसेक हजार लिटर वाफ होऊन जाते, आणि खालच्या वाडीच्या झऱ्याला त्यातले फारसे काही मिळत नाही. उलट तळ जांभ्यातच ठेवला तर पाणी मुरते, पण थांबत नाही. वरची जाडी गेल्यामुळे जे पाणी चैत्रात झऱ्याला यायचे ते श्रावणातच येऊन वाहून जाते. सडा पाणी किती साठवतो यापेक्षा ते किती उशिरा सोडतो, यावर गावाचा मे महिना ठरतो. विहिरीला पावसाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि शिमग्यालाच तळ दिसतो, अशी तक्रार जिथे ऐकू येते तिथे वरच्या अंगाला काय खणले गेले ते आधी पाहावे. बोअरवेलचा खर्च त्यानंतर.

आम्ही चिरेखाणीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. जांभ्याच्या चिऱ्यासारखे बांधकामाचे साहित्य दुसरे नाही. ताजा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला की कडक होतो. याच गुणावरून फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या खडकाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. अंगाडिपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तोच दगड आपल्याकडे पोटखराबा! जाता जाता घर बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ज्या चिऱ्यात पांढऱ्या मातीचे गोळे दिसतात तो बाहेरच्या भिंतीला लावू नये. दोन पावसाळ्यांत माती धुऊन जाते आणि भिंत आतून पाझरते. असे चिरे निघू लागले, की खाण चिकणमातीच्या जवळ आली हे खाणवाल्यानेही ओळखावे आणि तिथेच थांबावे. चिकणमातीच्या वर निदान पाच-सहा फूट जांभा शिल्लक ठेवणे, सड्याच्या कडेपासून आणि चालू झऱ्याच्या वरच्या अंगापासून खाण पुरेशी आत घेणे, वरची मातीची पातळ साय वेगळी रचून ठेवणे, आणि खाण सोडताना एका बाजूने गुरे व माणसे चढून येतील असा उतार करणे, एवढ्या अटी ग्रामसभेने ठरावात घातल्या तरी पुष्कळ. शेवटची अट किरकोळ वाटते. पण उभ्या भिंतींच्या, पाण्याने भरलेल्या सोडलेल्या खाणीत पडलेल्याला वर यायला वाटच नसते.

कडेचा मुद्दा दरडीशीही जोडलेला आहे. चिकणमाती पाणी पिऊन नरम पडली की वरचा जांभ्याचा ठोकळा तिच्यावरून घसरतो. अशी दरड सहसा सूचना देऊन येते. कडेला समांतर नवी भेग पडते, नेहमीचा स्वच्छ झरा अचानक गढूळ होतो किंवा भर पावसात आटतो, उतारावरची झाडे आणि विजेचे खांब एका बाजूला कलतात. यांतले काहीही दिसले तर खालच्या घरांनी त्या रात्री तिथे झोपू नये. भेगेत माती दाबून वर प्लास्टिक अंथरणे हा तात्पुरता उपाय आहे. पाणी वरच्या बाजूने चर काढून वळवणे जास्त महत्त्वाचे. आणि तो चर त्याच भेगेत सोडू नये, हेही सांगावे लागते, कारण तसे केलेले दिसते.

सड्याच्या पाठीवर काय आहे ते आता जगाला ठाऊक झाले आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर हजाराहून अधिक कातळशिल्पे नोंदली गेली आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातले फणसायमाळ ही नऊ ठिकाणे २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. एवढे चित्र काढायला एवढा सपाट, टणक आणि तरीही कोरता येईल असा फळा लागतो. तो जांभ्याच्या कवचाने दिला. काळ्या पाषाणावर असे काम जमले नसते आणि मातीवर टिकले नसते. पावसाळ्यात याच कवचाच्या खळग्यांत पाणी साचते आणि दीपकाडीसारखी, मोजक्या सड्यांवरच सापडणारी फुले तिथे येतात. आंब्यासाठी सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरची माती आणून भरण्याची रीत आपल्याकडे आहे. हापूसला पाण्याचा निचरा लागतो आणि जांभा तो देतो, त्यामुळे बागायतदाराचे गणित बरोबरच आहे. पण जेसीबीने अख्खा सडा सपाट करून मातीचा भराव टाकला की खळगे, फुले आणि चित्रे एकाच दुपारी बुजतात. खड्डा घेण्यापूर्वी जागा झाडून पाहायला अर्धा दिवस लागतो, तेवढा द्यावा.

सड्यावरून किनाऱ्यावर उतरू. गुहागर, मुरूड, आंजर्ले, केळशीच्या आगरांतल्या, म्हणजे माडाच्या बागांतल्या, विहिरी समुद्रापासून दगड मारला तर पोहोचेल इतक्या अंतरावर असूनही गोड्या असतात. कारण पुळणीच्या (किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याच्या) आणि वाळूच्या टेकाडाच्या पोटात पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट पातळी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. हे गणित उलटेही चालते: वरची पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकते. रहाटाने पाणी काढायचे तेव्हा विहिरीला दम खायला वेळ मिळत असे. आता तीन अश्वशक्तीचा पंप तासाभरात विहीर उपसतो आणि माड पिवळे पडल्यावर लोक खताचा डोस वाढवतात. आधी पाण्याची चव पाहावी. पंप अर्धा तास चालवून दोन तास थांबवावा, शक्य तर एका खोल विहिरीऐवजी दोन उथळ विहिरींतून पाणी घ्यावे. आणि समोरचे वाळूचे टेकाड ‘समुद्र दिसत नाही’ म्हणून कापू नये. ते टेकाड म्हणजे त्या विहिरीची टाकी आहे. केळशीच्या वाळूच्या टेकडीत तर जुन्या वस्तीची खापरेही सापडली आहेत. वाळूच्या डंपरमधून इतिहासही जातो.

आता मागणी. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने एका विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२मध्ये हरकतींसाठी खुला केला होता. गावाने मात्र दिल्लीकडे डोळे लावून बसायचे कारण नाही. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. निदान असायला हवी. त्याच नोंदवहीला ‘भूवैविध्य’ नावाची पुरवणी जोडावी, असा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत करावा. त्याची एक प्रत तलाठ्याकडे आणि एक जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावी. चिरा, वाळू अशा गौण खनिजासाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो, आणि त्याचा मसुदा हरकतींसाठी ठेवला जातो. त्या वेळी ‘आमच्या गावात झरा आहे’ असे तोंडी सांगून काही होत नाही. सर्व्हे नंबर, अक्षांश-रेखांश आणि आकडे असतील तरच कागद हलतो.

पुरवणीत काय लिहायचे? प्रत्येक झरा, विहीर, तळे, कातळशिल्प, जुनी-नवी खाण, दरडीची भेग आणि वाळूचे टेकाड यांचा सर्व्हे नंबर आणि मोबाइलवर मिळणारे अक्षांश-रेखांश. विहिरीचा थर-तक्ता: वरून किती फुटांवर कवच संपते, चिकणमाती कुठे लागते. विहीर खणणाऱ्या जुन्या गड्याला हे तोंडपाठ असते, त्याला समितीत घ्यावे. कातळशिल्पाचा फोटो सकाळी सात-आठला किंवा संध्याकाळी घ्यावा. तिरप्या उन्हात उथळ रेघा उठून दिसतात, भर दुपारी काहीच दिसत नाही. मापासाठी शेजारी एक फुटाची पट्टी ठेवावी. रेघांत खडू, चुना, रंग भरू नये आणि गवत जाळून जागा साफ करू नये. आचेने कवचाचे पापुद्रे सुटतात.

झऱ्याची मोजणी सर्वांत सोपी, आणि चुकाही तिथेच होतात. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावून सगळे पाणी एका धारेत आणावे. बाजूने गळणारे पाणी ओल्या मातीने बंद करावे. पंधरा लिटरची बालदी भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी घ्यावी. वीस सेकंद लागले तर मिनिटाला ४५ लिटर, म्हणजे दिवसाला ६४,८०० लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हजारावर माणसांचे पाणी. तीच बालदी मे महिन्यात तीन मिनिटांत भरली तर दिवसाला ७,२०० लिटर, म्हणजे १३० माणसांपुरते. पावसाळ्यातला एकच आकडा लिहून ठेवला तर तो फसवा ठरतो, आणि नळयोजनेचा अंदाज अशाच आकड्यावर बेतला की टाकी उभी राहते आणि वैशाखात कोरडी पडते.

पहिली मोजणी पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाल्यावर करावी, आणि मग दर महिन्याच्या १ तारखेला मे अखेरपर्यंत. वेळ सकाळची ठेवावी, त्या आधी कोणी पाणी उपसलेले नसावे. मोजणाऱ्याचे नाव, तारीख, सेकंद आणि पाण्याचा रंग एवढेच लिहावे. आणि बालदी एकच ठेवावी, तिच्यावर मोजणीसाठी म्हणून खूण करून. दरवेळी ज्याच्या घरची हाताला लागेल ती आणली तर एक बारा लिटरची निघते, एक अठराची, आणि सहा महिन्यांचे आकडे फुकट जातात.

आपले,
भूजल व भूविज्ञान विषयात काम करणारे काही वाचक,
रत्नागिरी–सिंधुदुर्ग